वामन मास्तरांचा हौद

दत्तजयंतीचा दुसरा दिवस, फसली १३५५, महिना बहमन, म्हणजे इंग्रजी १९४५चा डिसेंबर. वेळ दिवेलागणीची. ठिकाण नांदेड, वामन मास्तरांची ओसरी. हजर: स्वतः मास्तर, लातूरहून आलेली त्यांची थोरली बहीण कृष्णाआक्का, शेजारी पिठाची गिरणी चालवणारे रहीमचाचा, आमच्या गल्लीतल्या वीसेक बाया, आणि मी. मधल्या फळीवर मास्तरांनी घरी केलेला अँप्लिफायर, भिंतीला टेकवलेला भोंगा आणि आक्कांच्या हातात माइक.

हजेरी घेतल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट सांगता येत नाही. ही सवय मला आक्कांनीच लावली. लातुरात त्यांनी आपल्या घरी मुलींचा वर्ग चालवला, पंचवीसएक वर्षं. मी आणि माझ्या बरोबरीच्या मुली तिथंच लिहायला शिकलो. शेजारी धान्याच्या अडतीचा गलका, वर पत्रा, आणि त्यात आक्कांचा आवाज. तो आवाज शेवटी थकला. हैदराबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तो असाच थोडा थोडा जात राहील, परत येणार नाही. त्या संध्याकाळी आक्का बोलायच्या ते खोलीभर ऐकू यायचं, अंगणात नाही.

लातूरच्या जुन्या मुलींना एकदा एकत्र बोलावून आक्कांना पोटभर ऐकायचं, असं मी ठरवलं होतं. त्यासाठीच मास्तरांनी हे यंत्र केलं होतं, आणि त्या संध्याकाळी त्याची पहिली चाचणी होती.

आक्का माइकमध्ये म्हणाल्या, "बसा गं मुलींनो." भोंग्यातून तो आवाज अंगण ओलांडून रस्त्यावर गेला. आक्का स्वतःच दचकल्या, मग हसल्या. पुढचं वाक्य निम्मं झालं असेल, तेवढ्यात रहीमचाचांच्या पोऱ्यानं गिरणी चालू केली. ओसरीतला दिवा एकदम लाल झाला. आक्कांचा आवाज खोल गेला आणि भोंगा फटफट करायला लागला. पाठोपाठ एक लांबलचक शीळ. बायांना हसू आवरेना. त्या आक्कांना हसत नव्हत्या, भोंग्याला हसत होत्या. पण आक्कांनी माइक हळूच मांडीवर ठेवला आणि पदर गळ्याभोवती घेतला.

मास्तरांनी वीज बंद केली. "आक्का, पुन्हा असं होणार न्हाई," एवढंच म्हणाले. तिथून पुढचं वर्षभर माझं डोकं उठलं.

वामन मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत. ते स्वतः वीज शिकले उर्दूतून, रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हची पुस्तकं वाचली इंग्रजीतून, आणि समजावून सांगत मराठीतून. त्यामुळे त्यांच्या तोंडी वीज ही 'बर्क' असे, आणि मनाचं स्वास्थ्य हे 'इत्मिनान'. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात कायम एक लोहचुंबक. त्यांची एक सवय गावाला ठाऊक होती. बोलता बोलता दिवा मंद झाला की ते थांबत. घास हातात असला तर हात तिथंच राही. दिवा पुन्हा उजळला की ज्या शब्दावर थांबले त्याच शब्दापासून पुढं. नवख्या माणसाला वाटे, यांना काही झटका येतो. आम्हाला माहीत होतं की शेजारी गिरणी सुरू झाली आहे.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले. माझ्याजवळ यादी होती: कार्यक्रमाला कोण कोण, जागा कुठली, सतरंज्या कुणाच्या. मास्तरांनी यंत्र उलटं करून त्याचा पोटातला भाग काढून टाकला होता.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"पेशकारबाई, बसा," ते म्हणाले. कचेरीत मुन्सफापुढे कागद लावून देणारा पेशकार असतो, त्यावरून त्यांनी मला हे नाव ठेवलं होतं. "अँप्लिफायर चांगला हाय. त्याला वीज पुरवणारा भाग कच्चा हाय. गोदावरीला पूर येवो की ती आटो, नळाला पाणी एका धारेनं आलं पाहिजे. त्यासाठी मधी काय लागतं?"

"हौद."

"हाव. तो हौद करून राहिलो."

तेव्हापासून त्या यंत्राचं नाव हौद. बाहेरून येणारी वीज कमी-जास्त झाली तरी अँप्लिफायरला मिळणारा दाब तसूभर हलू नये, एवढंच त्याचं काम. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम असेल. मी यादीत पुढं 'पाडवा' लिहिलं.

पाडव्याला हौद म्हणजे एक रिकामा पत्र्याचा डबा होता. लढाई संपल्यावर सिकंदराबादच्या जुन्या बाजारात लष्करी सामान विकायला आलं होतं. मास्तर सुट्टीत जाऊन तिथून दोन काचेच्या नळ्या घेऊन आले. वीज दिली की त्यांत जांभळा उजेड पडे. जास्तीची वीज ही नळी पिऊन टाकते, कमी पडली की पिणं कमी करते, असं त्यांनी मला समजावलं. मला पटलं. आता जोडा म्हटलं. तर म्हणाले, "आधी हिची आदत समजू द्या. नवी माणसं घरात आली की आपण लगेच कामाला लावतो का?"

"आम्ही सुनांना लावतो," मी म्हणाले.

ते हसले, पण जोडलं नाही.

मग ट्रान्सफॉर्मर. तो विकत मिळत होता. मास्तरांना विकतचा नको होता. लाकडी चरख्यावर तारेचे वेढे हातानं घालत आणि मोठ्यानं मोजत. हजारांवर गेल्यावर कुणी हाक मारली की आकडा विसरत, आणि मग पहिल्यापासून. त्यांनी दाराला पाटी लावली: 'मोजणी चालू आहे.' ती पाटी वाचून लोक बाहेरूनच ओरडून विचारत, "मास्तर, कशाची मोजणी?" आणि आतली मोजणी जाई.

रहीमचाचांवर तर त्यांनी कहर केला. हौद तपासायचा म्हणजे गिरणी सुरू होताना विजेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा किती हलतो ते बघायचं. त्यासाठी गिरणी सुरू व्हायला हवी. मास्तर भिंतीवरून हाक देत, "चाचा, लावा." चाचा म्हणत, दाणे नाहीत. मास्तर म्हणत, मग रिकामी फिरवा. रिकाम्या गिरणीनं जातं झिजतं, हे चाचांनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा ते पांढऱ्या मिशांवरचं पीठ झटकत ओसरीवर आले आणि माझ्यापुढंच म्हणाले, "मास्तर, लोगां गहू दळून राहिले, तुम्ही बर्क दळून राहिले. पीठ कधी पडणार?"

"आधी इत्मिनान, मग आवाज," मास्तर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाचा मान हलवत गेले आणि त्यांनी रिकामी गिरणी लावली. मास्तरांना नाही म्हणणं चाचांना जमत नसे. ते मलाही जमलं नाही, हीच खरी पंचाईत होती.

नागपंचमीला मी माहेरी लातूरला गेले. लोहा, अहमदपूर, लातूर; मोटारीनं अंग खिळखिळं झालं. आक्कांकडे गेले तर त्या पाटावर बसून भाजी निवडत होत्या. त्या बोलल्या ते मला समोर बसूनही नीट ऐकू आलं नाही. मी सरकून गुडघ्याला गुडघा लावून बसले. हौदाची हकिगत सांगितली, थोडी चहाडीच केली. आक्का ऐकत होत्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वामनाला सांग, सावकाश कर. मी काय, गप्प बसूनच राहिले."

त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही.

परत आल्यावर हे मी मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, आता गिरणी लागली की काटा केसाएवढाच हलतो. मी म्हणाले, केसाएवढं कुणाच्या कानाला कळणार आहे? ते म्हणाले, "काट्याला कळून राहिलंय ना."

भाऊबीजेला मास्तर लातूरला गेलेच नाहीत. केस घालवायला घेतलेला नवा ट्रान्सफॉर्मर अर्धा गुंडाळून झाला होता आणि सोडून गेलं तर तार सैल पडेल, असं त्यांचं म्हणणं. आक्कांनी ताट वाढून झाकून ठेवलं होतं, हे मला नंतर माझ्या भावजयीकडून कळलं. त्या दिवशी मात्र मी पाटी न वाचता आत गेले. ते मोजत होते. मी चरख्यावर हात ठेवला.

"मास्तर, विजेला वेळ आहे, आक्कांना नाहीये. तुमच्या काट्याचा केस जाईल तोवर त्यांच्या गळ्यात काही उरणार नाही. मग हा हौद कुणाच्या नळाला लावणार?"

ते चरख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी तिनं पदर गळ्याला घेतला. तुम्ही पाहिला का न्हाई?"

"पाहिला."

"मग तुम्हाला कळायला पाहिजे." आणि त्यांनी माझा हात बाजूला करून पुन्हा एकापासून मोजायला सुरुवात केली.

मी घरी आले आणि त्यांना न विचारता संक्रांत पक्की केली. सभा म्हटली की परवानगी, परवानगी म्हटली की पोलिसांच्या अमीनसाहेबाकडे खेटे, आणि भोंगा म्हटलं की नकारच. पण हळदीकुंकू ही काही सभा नव्हे. लातूरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याची मालकीणबाई आमच्याच वर्गातली. तिनं कारखान्याचं आवार दिलं. सणाची सुट्टी, कापसाची यंत्रं बंद. गावातल्या विजेचा संबंध नाही, कारखान्याचं स्वतःचं इंजिन दिव्यांपुरतं चालू ठेवू, असं तिनं कळवलं.

मास्तरांना सांगितलं. मला वाटलं होतं, भांडतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला: तिथला दिवा डुलतो का? तेवढं पक्कं विचारून घ्या, म्हणाले. मी निरोप धाडला. कारखान्याच्या मुनीमजींचं उत्तर आलं की देवापुढची समई एकवेळ हलेल, आमचा दिवा हलणार नाही. मास्तरांनी ते तीनदा ऐकून घेतलं. आनंद झाला, पण विश्वास बसला नाही. "असं कुठं असतं का?" म्हणाले, आणि हौद पत्र्याच्या पेटीत कापूस घालून बांधायला घेतला. एक वेढा घालायचा राहिला आहे, केस अजून आहे, असं पुटपुटत होते, पण निघाले.

संक्रांतीच्या दुपारी आम्ही कारखान्यात पोचलो. इंजिन धपधपत होतं. त्याचं चाक माणसापेक्षा उंच. मालकीणबाईनं तिळगूळ हातावर ठेवला, तो तसाच मुठीत धरून मास्तर दिव्याकडे बघत उभे राहिले. दिवा खरोखरच हलत नव्हता. मी सतरंज्या घालून घेतल्या, हळदीकुंकवाची ताटं मांडली, वाणाच्या सुगडांची रांग लावली, तरी हे तिथंच. मी म्हणाले, पाहून झालं असेल तर जोडायला घ्या.

मास्तरांनी खिशातून चुंबक काढला. स्टुलावर चढून दिव्याच्या काचेजवळ नेला. आपल्या नांदेडला असं केलं की दिव्यातली तार थरथरते. मी कैकदा पाहिलं होतं. इथली तार थरथरली नाही. एका बाजूला वाकली आणि वाकूनच राहिली. मास्तर स्टुलावरून उतरले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"ही बर्क वेगळी हाय," ते म्हणाले. "आपली वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते. ही एकाच दिशेनं चालते. माझ्या हौदाच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर हाय, त्याला अशी दिशा बदलत डुलणारीच वीज लागते. ही दिली की जळून जाईल."

मला समजायला थोडा वेळ लागला. वर्षभर या माणसानं एकच प्रश्न विचारला होता: दिवा किती हलतो? तो का हलत नाही, हे त्यांनी विचारलं नाही. वीज कुठल्या जातीची, ही साधी गोष्ट, जी ते मुलांना दर वर्षी पहिल्याच धड्यात शिकवत. बाहेर बैलगाड्यांतून बाया उतरायला लागल्या होत्या. औसा, निलंगा, उदगीर, कुठून कुठून. मी म्हणाले, "म्हणजे आज होणार नाही?" माझा आवाज चांगला चढला असावा, कारण मुनीमजी दोन पावलं मागं सरकले. मास्तर पेटीचं झाकण लावत होते.

तेवढ्यात आक्का आल्या. काळी चंद्रकळा, गळ्याभोवती पदर. मास्तर त्यांना सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या. मग आक्कांनी मास्तरांना दंडाला धरून खाली वाकवलं. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं.

"वामना, हौद कशाला असतो?"

"पाणी एका धारेनं यावं म्हणून."

"आणि नदीच एका धारेनं आली तर?"

मास्तरांनी वर दिव्याकडे पाहिलं.

"मग हौद बाजूला ठेव की रे."

मास्तर तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "आक्का, मग त्यात माझं काय राहिलं?" आक्कांनी त्यांच्या मुठीतला तिळगूळ सोडवून घेतला आणि त्यांच्याच तोंडात घातला.

पुढचं काम भराभर झालं. या विजेचा दाब अँप्लिफायरला सरळ चालण्याजोगा होता. हौद शेवटी जी स्थिर, एका दिशेची वीज करून देणार, तशीच ही मुळात येत होती. अँप्लिफायरमधले व्हॉल्व्ह तापवायला तेवढी कमी दाबाची वीज हवी होती. ती मालकांच्या मोटारीची बॅटरी काढून आणली त्यातून. मास्तरांनी यंत्र लाकडी फळीवर ठेवलं, माइक आणि त्याचं स्टँड दोनदा तपासलं, मग स्वतः फळीपुढं मांडी घालून बसले, कुणाचा हात लागू नये म्हणून. हौद पेटीत, पेटी भिंतीशी. गळू झालेला माणूस जसा कूस सांभाळून बसतो, तसे ते त्या पेटीकडे पाठ न करता बसले होते.

दिवे लागले. आवार भरलं. आक्का माइकपुढं बसल्या. मला वाटलं होतं, उपदेश करतील, आठवणी सांगतील. त्यांनी हजेरी घेतली.

समोर कागद नव्हता. "भागीरथी गोविंद," त्या म्हणाल्या. भोंग्यातून ते पार कपाशीच्या वखारीपर्यंत गेलं. कुणी ओ देईना. कारण भागीरथी गोविंद म्हणून तिथं कुणी नव्हतीच. होत्या त्या सासरी नाव बदललेल्या लक्ष्मीबाई देशमुख, चार लेकरांच्या आई. एका क्षणानं मागून आवाज आला, "हजर." मग "सीता बळवंत." "हजर." "पार्वती नागनाथ." "हजर, आक्का." ज्या नावांनी वीस-वीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती, ती नावं एकामागून एक येत होती. वखारीच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बाया आपलं नाव येतं का म्हणून टाचा उंचावून ऐकत होत्या. "यमुना त्रिंबक," आक्का म्हणाल्या. ती मी. माझ्या हातात कुंकवाचं ताट होतं आणि मला 'हजर' म्हणायला जमेना. शेजारणीनं म्हटलं.

आवाज एकदाही खाली गेला नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "वामन." मुलींच्या त्या वर्गात हा एकच मुलगा बसायचा. ओ नाही. मास्तर दिव्याकडे बघत होते. आक्का पुन्हा म्हणाल्या, "वामन, लक्ष कुठंय?" सगळं आवार हसलं. मास्तर दचकून म्हणाले, "हाव, हाय की." आक्कांनी माइक बाजूला सारला. या वेळी पदर जिथल्या तिथं होता.

परतीच्या मोटारीत मी फार खुशीत होते. म्हटलं, मास्तर, झालं की नाही? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "झालं. पण ती परीक्षा विजेची होती, माझी न्हाई. वीज पास झाली." लोह्याला मोटार थांबली. मग म्हणाले, "नांदेडला एकदा आक्काला आणू. चाचाला गिरणी लावायला सांगू. ती बोलत असताना लावायची. मग मला इत्मिनान."

होळीपर्यंत आक्कांचा आवाज पूर्ण गेला. पुढच्या पावसाळ्यात त्याही गेल्या. मग धामधुमीचे दिवस आले, निजामी संपली, मास्तरांची बदली बिलोलीला झाली आणि तिथून परत नांदेडला. मधल्या काळात त्यांनी हौद पुरा केला. केसही घालवला. चाचांनी रिकामी गिरणी लावली तेव्हा काटा कागदावर काढल्यासारखा स्थिर राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हणाले, आता अँप्लिफायर जोडा, मी बोलते. मास्तरांनी मान हलवली. "तुमचा आवाज खणखणीत हाय, पेशकारबाई. तुम्हाला हौद कशाला?" मला राग आला. अजूनही येतो. त्यांनी तो जोडला नाही. ते गेले तेव्हा पेटी माझ्याकडे आली, कापूस घातलेली, तशीच.

मी दर संक्रांतीला ती उघडते, पुसते, बंद करते. वर्षाच्या कामांच्या यादीत 'हौद लावून पाहणे' हे कलम मी दर वेळी पुढच्या पानावर उतरवते. रहीमचाचा आता थकले आहेत, पण भिंतीवरून विचारतात, "बाई, रिकामी गिरनी कधी लावू?" मी सांगते, या रविवारी. हौद तयार आहे, अँप्लिफायर तयार आहे, चाचा तयार आहेत. माइकपुढं कुणाला बसवायचं, तेवढं ठरायचं आहे.